मावशी, सिनेमा कसा वाटला?

नव्या वाचकांसाठी एकदा सांगून टाकते, म्हणजे पुढे तक्रार नको. मी समीक्षक नाही. कॅमेरा कुठे लावला, उजेड कुठून पाडला, यातलं मला ओ की ठो कळत नाही. जन्म गिरगावातल्या चाळीत, नोकरी टेलिफोन खात्यात, १९८२पासून ट्रंक बोर्डावर, म्हणजे परगावचे कॉल हाताने जोडायचे आणि तीन मिनिटं झाली की तसं सांगायचं. सकाळची पाळी दोनला सुटली की धावतपळत तीनचा शो गाठायचा. रात्रपाळी करून आले की बाराचा, आणि तो अर्धा डोळे मिटूनच. त्यामुळे कितीतरी सिनेमे मी पाहिले कमी आणि ऐकले जास्त. खाली जी मतं येतील ती या कानांची आहेत. पटली तर घ्या.

प्रश्न : घरातले सगळे ‘शोले’ची आरती ओवाळतात म्हणून लोकलमध्ये जाता-येता तीन दिवसांत मोबाइलवर पाहिला. बरा आहे, पण फार लांबलाय. मावशी, माझंच काही चुकतंय का?
— कॉलेजचा विद्यार्थी, विलेपार्ले

बाळा, आधी एक सांग, इअरफोन दोन्ही कानांत होता की एकात? एकातच असणार. दुसऱ्या कानात ‘अगला स्टेशन अंधेरी’.

‘शोले’ १५ ऑगस्ट १९७५ला लागला तेव्हा मी चौदा वर्षांची. आम्हाला तिकिटं मिळाली दिवाळीनंतर, तीही दादाच्या मित्राने ब्लॅकने आणलेली. लॅमिंग्टन रोडचं मिनर्व्हा, सत्तर एमएमचा पडदा आणि स्टिरिओ आवाज. तोवर आमच्यासाठी सिनेमाचा आवाज म्हणजे पडद्यामागच्या भोंग्यातून येणारा. इथे टांगा डावीकडून उजवीकडे गेला तर टापाही तशाच गेल्या. माझी आई चक्क मान वळवून बघत होती.

गब्बर पहिल्यांदा येतो तेव्हा तोंड कुठे दिसतं? दिसतात बूट, आणि ऐकू येतो खडकावरून फरफटत जाणारा पट्टा. ठाकूरच्या घरची माणसं मारली जातात तिथे झोपाळा कुरकुरतो. आमच्या वरच्या मजल्यावर एका बिऱ्हाडात झोपाळा होता. त्यानंतर महिनाभर रात्री तो वाजला की मी आईच्या कुशीत. शेवटी दादाने वर जाऊन कड्यांना तेल घालून दिलं. अमिताभ ओट्यावर बसून माउथऑर्गन वाजवतो आणि समोर जया भादुरी एकेक दिवा बारीक करत जाते, तिथे दोघं एक शब्द बोलत नाहीत. तो प्रसंग तू कुठल्या स्टेशनला पाहिलास?

गंमत अशी की अमजद खानचा आवाज गब्बरला शोभत नाही, दुसऱ्याकडून डब करून घ्यावा, असा विचार तेव्हा झाला होता म्हणे. नशीब, तसं केलं नाही. पुढे त्याच संवादांची रेकॉर्ड निघाली आणि गणपतीत मांडवामांडवातून गाण्यांऐवजी गब्बर ऐकू यायला लागला. मिनर्व्हात सिनेमा पाच वर्षं टिकला तो काही फक्त मारामारीवर नाही.

लांबणीचं म्हणशील तर मान्य. जेलरचा सगळा भाग निम्मा केला तरी माझं काही म्हणणं नाही. यावर भांडायचं असेल त्यांनी संपादकांच्या पत्त्यावर पत्र टाकावं, मला रस्त्यात अडवू नये.

प्रश्न : गेल्या अंकात तुम्ही ‘मुंबईचा जावई’ हा ‘पिया का घर’वरून काढला असं लिहिलंत. साफ चूक! माफी मागा.
— एक संतप्त आजोबा, मुलुंड

मागितली, आजोबा. उलटं लिहिलं मी. राजा ठाकूर यांचा ‘मुंबईचा जावई’ १९७०चा, आणि त्यावरून बासू चटर्जींनी ‘पिया का घर’ केला १९७२ साली. मराठीवरून हिंदी. एवढी अभिमानाची गोष्ट मीच उलटी छापून आणली, याचं मला जास्त वाईट वाटलं.

आता माफी मागितलीच आहे तर माझंही ऐका. दोन्हींत गोष्ट तीच : चाळीतली एवढीशी जागा, घर माणसांनी भरलेलं, आणि नव्या जोडप्याला एकांत म्हणून स्वयंपाकघर. जया भादुरी गोड दिसते, प्रश्नच नाही. पण मला मराठीच खरा वाटतो, कारण ‘का रे दुरावा, का रे अबोला’ या गाण्यात आशाबाई आवाज किती खाली ठेवून गातात बघा. भिंतीपलीकडे सासू-सासरे झोपलेत हे त्या आवाजाला ठाऊक आहे. आमच्या चाळीत सगळी लग्नं अशीच कुजबुजत पार पडली. माझ्या मोठ्या वहिनीचा मोकळा आवाज मी पहिल्यांदा ऐकला ती दोघं डोंबिवलीला ब्लॉकमध्ये राहायला गेल्यावर. लग्नाला सहा वर्षं झाली होती. तोवर मला वाटायचं, वहिनी घशाने अधू आहे.

प्रश्न : ‘लंचबॉक्स’ सगळ्यांना आवडतो, मला राग येतो. आमचे डबेवाले अशी चूक करत नाहीत आणि केलीच तरी रोज रोज करणार नाहीत. शिवाय त्या देशपांडे काकू शेवटपर्यंत दिसतच नाहीत. पैसे वाचवले का?
— गृहिणी, बोरिवली

ताई, डबेवाल्यांच्या बाजूने तुम्ही भांडताय ते आवडलं. डब्याच्या झाकणावरच्या त्या अक्षर-आकड्यांच्या आणि रंगांच्या खुणा बघून माणूस डबा पोचवतो, आणि इथे एकच डबा रोज त्याच चुकीच्या टेबलावर जातो. अवघड आहे खरं. पण मी ते खपवून घेतलं, कारण चुकीची जोडणी हा माझा धंदा होता.

एकदा सोलापूरचा कॉल मी भलत्याच घरी जोडला. तिकडे एक आजी. राँग नंबर म्हणून ठेवायचं सोडून त्यांनी इकडच्या मुलाला विचारलं, “जेवलास का?” तो म्हणाला, “नाही अजून.” मग काय खाणार, कोण करून घालतं, असं करत तीन मिनिटं झाली. ऑपरेटरने ऐकायचं नसतं. पण कानात हेडसेट असल्यावर ऐकू येतं त्याला काय करणार? मी मध्ये पडले नाही. पैसे कोणाकडून घ्यायचे हा प्रश्न सुपरवायझरने सोडवला, म्हणजे माझ्यावर ओरडून. त्यामुळे इला आणि इरफानचा तो फर्नांडिस चुकीच्या डब्यातून एकमेकांना चिठ्ठ्या लिहू लागले तेव्हा मला एवढंच वाटलं की हो, असं होतं.

राहिल्या देशपांडे काकू. तो आवाज भारती आचरेकरांचा. वरच्या मजल्यावरून बोलतात, टोपलीतून मसाला खाली सोडतात, नवरा कोमात पंख्याकडे बघत पडलेला, हे सगळं आपल्याला फक्त ऐकून कळतं. आणि तुम्ही त्यांना पाहिलंय की! गाउनवर टॉवेल टाकलेला, कानात कुड्या, हाताला फोडणीचा वास. मी तर त्यांची साडीसुद्धा ठरवली होती, लग्नाला जायची.

नागपूरच्या ट्रंक बोर्डावरच्या एका मैत्रिणीशी मी अकरा वर्षं रोज बोलले. पोरांची आजारपणं, सासूचे टोमणे, सगळं. मग एका लग्नात आम्ही भेटलो. आवाज तिचाच होता, बाकी सगळी बाई दुसरीच. आम्ही दोघी जेवणाच्या पंगतीत गप्प बसून होतो. दुसऱ्या दिवशी बोर्डावर तिचा आवाज आला तेव्हा हायसं वाटलं. काकू दाखवल्या नाहीत ते फार बरं केलं.

प्रश्न : ‘टायटॅनिक’मध्ये त्या फळीवर दोघं मावली असती का?
— आठवीतले दोघे मित्र, भांडुप

विरार फास्टमध्ये चौथ्या सीटवर बसणाऱ्या बाईला विचारा. मावली असती.

प्रश्न : ‘सैराट’ नुकताच टीव्हीवर पुन्हा पाहिला, या वेळी मुलगी सोबत होती. शेवटी आवाजच नाही. चॅनलवाल्यांनी कापला की मूळचाच तसा? थिएटरातलं मला आठवत नाही.
— एक वडील, कल्याण

मूळचाच. २०१६च्या मे महिन्यात मी हा सिनेमा ठाण्यातल्या एका थिएटरात पाहिला. पोरांनी ‘झिंगाट’ला पडद्यासमोर जाऊन धुमाकूळ घातलेला, पॉपकॉर्नचा सडा. अजय-अतुल यांनी याचं संगीत अमेरिकेत जाऊन मोठ्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतलं होतं, त्यामुळे पहिला अर्धा भाग कान नुसते भरून वाहतात. विहिरीतली उडी, उसाचा फड, सगळीकडे व्हायोलिनं.

मग हैदराबाद, तिथली झोपडी, डोशाची गाडी. वाद्यं कमी कमी होत जातात, ते आपल्या लक्षातही येत नाही. शेवटी शेजारणीकडून पोरगं घरी येतं आणि आवाज जातो. आमच्या थिएटरात मागून एकजण ओरडला, “ए ऑपरेटर, आवाज!” दुसऱ्याने शिट्टी मारली. तेवढ्यात त्या पोराची पावलं उमटायला लागली. ओरडणारा खाली बसला, त्याची खुर्ची वाजली तीसुद्धा सगळ्यांना ऐकू गेली.

मेलेली लाइन आणि गप्प लाइन यांत फरक असतो. मेलेल्या लाइनीत काही नसतं. गप्प लाइनीत पलीकडे कोणीतरी आहे हे कळतं, ते बोलत नाही एवढंच. रात्रपाळीला मरणाची खबर देणारे कॉल जोडले की निरोप सांगून झाल्यावर तशी शांतता यायची. तेव्हा ‘तीन मिनिटं झाली’ असं म्हणायची माझी जीभ रेटायची नाही. ‘सैराट’चा शेवट मला त्या लाइनीसारखा वाटला. दुसऱ्यांदा मी तो पाहिलेला नाही, पाहणारही नाही. गाणी लागली तर ऐकते.

मुलगी काय म्हणाली ते तुम्ही लिहिलं नाहीत.

प्रश्न : आमचे हे थिएटरात शेजारी बसून पुढे काय होणार ते आधीच सांगतात. उपाय?
— त्रस्त, चेंबूर

बोटाने खांद्यावर टिचकी मारायची आणि बोर्डावरच्या आवाजात म्हणायचं, “आपली वेळ संपली आहे. वाढवून हवी आहे का?” माझे यजमान गप्प बसायचे. तुमच्यांवर चाललं नाही तर वेगवेगळ्या रांगांची तिकिटं काढा.

प्रश्न : आमच्याकडे लग्नाच्या पहिल्या वर्षापासून एकच वाद. मी म्हणतो ‘अशी ही बनवाबनवी’ ही नक्कल आहे, बायको म्हणते तिच्यासारखं दुसरं काही नाही. निकाल द्या.
— वादी व प्रतिवादी, दहिसर

वादी, तुमचं बरोबर आहे. हृषीकेश मुखर्जींचा ‘बीवी और मकान’ १९६६चा, भाड्याच्या जागेसाठी पुरुषांनी बायका व्हायचं हे सगळं त्यात आहे. ‘बनवाबनवी’ आली १९८८ला.

आता प्रतिवादींचं. तो हिंदी सिनेमा मी मुद्दाम मिळवून पाहिला. बसल्या जागी तीनदा हसले. मराठी किती वेळा पाहिला याचा हिशेब नाही, आणि अजून भांडी घासताना दुसऱ्या खोलीत लागला तरी हसते. म्हणजे पडदा न बघता. आता यात गोष्टीचा काय संबंध? लिहिणारे वसंत सबनीस, ‘विच्छा माझी पुरी करा’वाले. लोकनाट्याचा माणूस. एकाने टाकायचं आणि दुसऱ्याने खाली पडू न देता उचलायचं, हे त्यांच्या हातात मुरलेलं. ‘वारले’ हा शब्द आपण माणसासाठी वापरतो, तोही जरा आवाज खाली आणून. सबनीसांनी तो सत्तर रुपयांना लावला. आता याचं हिंदी करून दाखवा. ‘हा माझा बायको’ घ्या. दोन अक्षरांचा घोटाळा आहे, पण तो ज्याच्या तोंडून जातो त्याची त्या क्षणी जी तंतरते ती बेर्डे यांच्या शेजारी उभं राहूनच कळते.

आणि अशोक सराफ. धनंजय माने खोटं बोलताना कधी घाई करत नाही. मी हजारो माणसांना फोनवर खोटं बोलताना ऐकलंय, साहेबांना, सासऱ्यांना, देणेकऱ्यांना. कच्ची माणसं भरभर बोलतात. पक्का माणूस मध्ये श्वास घेतो. सराफ श्वास घेतात.

निकाल : कथा उसनी, हशा घरचा. खर्च वादींनी सोसावा. प्रतिवादींना लिंबू कलरची साडी घेऊन द्यावी, दादरला पुष्कळ मिळतात.

प्रश्न : ‘कोर्ट’ला राष्ट्रीय पुरस्कार कशासाठी? मी चौतीस वर्षं न्यायालयात लिपिक होतो. अगदी असंच चालतं. मग पैसे देऊन ते परत का बघायचं?
— निवृत्त, ठाणे

अहो, तुमचं पत्र म्हणजे चैतन्य ताम्हाणे यांना मिळालेला आणखी एक पुरस्कार समजा.

मला तो आवडला त्याचं कारणही तुमच्याच पत्रात आहे. त्यात कोणी नाटकातल्या वकिलासारखं टेबल बडवत नाही. साहेब बोलतात, टंकलेखनिक टाइप करतो, पुढची तारीख पडते. एका लोकशाहिरावर आरोप असा की त्याचं गाणं ऐकून गटारात उतरणाऱ्या कामगाराने जीव दिला, आणि हे सगळं वाचलं जातं ते रेशनकार्डावरची नावं वाचावीत त्या सुरात. गीतांजली कुलकर्णींची सरकारी वकील कलमं वाचते तो सूर ऐका. संध्याकाळी लोकलने घरी येऊन स्वयंपाकाला लागते तेव्हाही तोच सूर. बाई दुष्ट नाही, दमलेली आहे. मी रात्रपाळीच्या शेवटी असाच आवाज काढायचे. एकदा एका माणसाने मला फोनवर म्हटलं होतं, “बाई, तुम्ही माणूस आहात की मशीन?” त्याचा भाऊ दवाखान्यात होता. ते मला ‘कोर्ट’ बघताना आठवलं. तोवर मी विसरून गेले होते.

शेवट मात्र मला रुचला नाही. न्यायाधीशांची सहल एवढा वेळ बघून मी घड्याळ पाहिलं. तुम्हाला कशी वाटली? तुम्ही गेला असाल ना कधी साहेबांबरोबर?

प्रश्न : पहिला बोलपट गिरगावात लागला होता असं आजी म्हणते. शाळेच्या प्रकल्पासाठी हवं आहे.
— सातवीतली मुलगी, परळ

आजी बरोबर सांगते. ‘आलम आरा’, १४ मार्च १९३१, गिरगावचं मॅजेस्टिक. ते थिएटर आता नाही.

प्रकल्पात हेही लिही. स्टुडिओ रेल्वेच्या रुळांजवळ होता. दिवसा गाड्यांचा खडखडाट, आणि आवाज तर तिथल्या तिथे नटांच्या बोलण्याबरोबरच नोंदवायचा. म्हणून गाड्या बंद झाल्या की मध्यरात्रीनंतर काम चालायचं आणि माइक कुठेतरी लपवून ठेवायचे. नायक आपले मास्टर विठ्ठल. मूकपटातले मोठे नट, पण उर्दू-हिंदी बोलायची पंचाईत. तेव्हा त्यांची भूमिका अशी बेतली की बराच वेळ ते बेशुद्धच! आता या सिनेमाची एकही प्रत कुठे सापडत नाही. म्हणजे हिंदुस्थानात जो पहिल्यांदा बोलला तोच आज आपल्याला ऐकता येत नाही. माझी आजी या थिएटराच्या गल्लीत राहायची. तिला मी कधीच विचारलं नाही. तू तुझ्या आजीला विचारून घे, आजच.

प्रश्न : मावशी, माझं वय ७१. ऐकायला कमी येतं. मशीन लावलं की थिएटरात कान फुटतात, काढलं की काही कळत नाही. मुलगा म्हणतो घरी बसा. माझ्यासारख्याने कुठला सिनेमा बघावा?
— माहीम

काका, ‘पुष्पक’. १९८७चा, कमल हासन. अख्ख्या सिनेमात कोणी एक शब्द बोलत नाही. तरी तो मुका मुळीच नाही, यातच गंमत आहे. एक बेकार पोरगा सिनेमा थिएटरला लागून असलेल्या खोलीत राहतो. रोज रात्री भिंतीपलीकडून मारामारीचे आवाज, आणि त्याला त्यातच झोप लागते. मग काही भानगडी करून तो मोठ्या हॉटेलात जाऊन राहतो. मऊ गादी, गारवा, आणि शांतता. झोप येईना! शेवटी काय करतो, तर टेप घेऊन जुन्या जागी जातो, तो धिंगाणा भरून आणतो आणि उशाशी लावून झोपतो.

मला ते फार जवळचं आहे. निवृत्त झाल्यावर पहिले दोन महिने मलाही झोप नव्हती. कानात बोर्डाची गुणगुण हवी असायची.

एक गोष्ट या सदरात कधी सांगितली नव्हती, तुम्हाला सांगते. माझा हेडसेट डाव्या कानावर असायचा, सगळी नोकरीभर. तो कान आता गेल्यात जमा आहे. कानांवर एवढ्या बढाया मारणारी बाई एकाच कानाने ऐकते. तरी दर शुक्रवारी मी प्लाझाला असते, तीनच्या शोला. मशीन खिशात ठेवा आणि या. फक्त माझ्या उजव्या हाताला बसा, डावीकडून काही विचारलंत तर मी उत्तर देणार नाही आणि तुम्हाला वाटेल बाई शिष्ट आहे.